पुरुषांसाठीचा घरगुती हिंसेविरुद्धचा कोर्स : आमच्या कंपनीने घेतला, कसा वाटला

आमच्या कंपनीत पुरुष कामगारांसाठी घरगुती हिंसेविरुद्धचा एक कोर्स झाला, बाहेरच्या एका सोशल एंटरप्राइजकडून, म्हणजे समाजाच्या कामासाठी धंदा चालवणाऱ्या संस्थेकडून, विकत घेतलेला. मी कल्याण समितीवर असल्यामुळे कोटेशन मागवण्यापासून करारावर सही होईपर्यंत सगळ्यात होतो आणि नंतर पहिल्याच बॅचमध्ये स्वतः बसलो. बरेच जण विचारतायत कसा आहे, आपल्याकडे घ्यावा का, म्हणून सविस्तर लिहितोय. संस्थेचं नाव मात्र देत नाहीये, कारण नाव दिलं की आमची कंपनी कळेल, कंपनी कळली की बॅचमध्ये कोण होतं ते कळेल, आणि मग कुणाच्या तरी बायकोला शेजारची विचारणार, काय गं, तुझा नवरा त्या मारणाऱ्यांच्या वर्गाला जातो का. तेवढ्यासाठी नाव नाही. तसंही अशी सेवा देणारे एकापेक्षा जास्त आहेत आणि कुणाकडूनही घेतलीत तरी बघायच्या गोष्टी त्याच आहेत.

आधी थोडक्यात सांगतो. सेवा चांगली आहे, पाचपैकी चार देईन. जो एक कापलाय तो कंपनीला मिळणाऱ्या रिपोर्टमुळे, वर्गातल्या कामाला माझ्याकडून पैकीच्या पैकी. घ्या, पण काही गोष्टी करारात लिहून घेतल्याशिवाय घेऊ नका, त्या खाली येतीलच.

यांचं गणित असं की कंपनीकडून पूर्ण फी घ्यायची आणि त्यातून जे उरतं त्यावर ज्यांच्यामागे कंपनी नाही अशा पुरुषांसाठी, म्हणजे ड्रायव्हर, हमाल, बांधकामावरचे मजूर, शिक्षण सुटलेली पोरं, हेच गट फुकट चालवायचे. देणगीवर फार अवलंबून नाहीत. मला हे पटलं. देणगीवरचं काम प्रोजेक्टची मुदत संपली की बंद पडतं आणि घरात हात उचलायची सवय काही प्रोजेक्टच्या मुदतीत सुटत नाही. आणि दुसरं याहून मोठं कारण आहे. महिलांच्या आश्रयगृहांना, हेल्पलाइनना मिळणारा निधी आधीच तुटपुंजा असतो, त्यातच पुरुषांच्या कार्यक्रमाने वाटा मागितला तर ज्या बाईला आज रात्री घर सोडून निघायचंय तिच्या ताटातलं काढून घेतल्यासारखं होतं. कंपनीच्या ट्रेनिंग बजेटचा पैसा आश्रयगृहाला तसाही मिळणार नव्हता, तो इकडे वळला तर कुणाचं काही जात नाही. फक्त जे उरतं ते खरंच तिकडे जातं का हे विचारायला हवं. ब्रिटनमध्ये २००५ पासून कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी नावाचा कंपनीचा प्रकारच आहे, तिची मालमत्ता आणि नफा समाजाच्या कामासाठीच बांधलेला राहतो, मालकांना वाटेल तसा वाटून घेता येत नाही. असं कायद्याचं कुलूप प्रत्येक ठिकाणी नसतं, म्हणून आम्ही सरळ मागच्या वर्षीचा हिशोब मागितला, किती गट विकले आणि किती फुकट चालवले. त्यांनी दिला, काही आढेवेढे घेतले नाहीत. ज्या संस्थेने हे दाखवायला टाळाटाळ केली ती आम्ही यादीतून काढली.

मॅनेजमेंटला पटवणं वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ साली आलेला अंदाज आहे की १५ ते ४९ वयाच्या, कधीतरी जोडीदार असलेल्या बायकांपैकी साधारण २७ टक्के बायकांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलीय, म्हणजे चारात एकीपेक्षा जास्त. आता एवढ्या बायका सोसतायत तर करणारे पुरुषही कुठेतरी कामाला जात असणार, आपल्या गेटवर पंच करून आत येत असणार, असं मीटिंगमध्ये म्हटलं तेव्हा कुणी वाद घातला नाही. शिवाय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९० नंबरचा करार आहे २०१९ चा, त्यात घरगुती हिंसेचा परिणाम कामाच्या जागेवर होतो हे मान्य केलंय आणि तो कमी करायला पावलं उचलावीत असं म्हटलंय. न्यूझीलंडने तर १ एप्रिल २०१९ पासून हिंसा सोसणाऱ्या कामगाराला वर्षाला १० दिवसांची भरपगारी रजा दिलीय. रजा ही सोसणाऱ्यासाठी झाली, करणाऱ्याचं आणि बघत गप्प बसणाऱ्याचं काय, तिथे अशा सेवा येतात.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. या धंद्यात पैसे देतं कोण, तर कंपनी. वर्गात बसतं कोण, तर पुरुष. आणि हे सगळं ज्या बाईसाठी चाललंय ती ना पैसे देते ना वर्गात असते, बऱ्याचदा तिला असा काही कोर्स चाललाय हेही माहीत नसतं. दुसऱ्या कुठल्याही ट्रेनिंगमध्ये गिऱ्हाईक खूश झालं की काम झालं असं म्हणता येतं, इथे गिऱ्हाईक खूश, वर्गातले पुरुष खूश आणि घरात मात्र काहीच बदललेलं नाही असं अगदी सहज होऊ शकतं. त्यामुळे अशी सेवा बघताना मी एकच कसोटी लावली आणि तुम्हीही तीच लावा असं म्हणेन, की त्या बाईचं म्हणणं यांच्या रचनेत कुठून आत येतं, आणि ते आत आलं की कोणाला ऐकावं लागतं.

या कसोटीवर आमच्याकडे आलेली बाकीची कोटेशनं लवकर गळली. एकाचं होतं तासाभराचं व्याख्यान आणि शेवटी सगळ्यांनी शपथ घ्यायची, कॉलरला पांढरी फीत लावायची. फितीला मी नावं ठेवत नाही. त्या फितीमागे १९८९ चं मॉन्ट्रियल आहे, ६ डिसेंबरला इंजिनीअरिंग कॉलेजात शिरून एका माणसाने १४ बायकांना मारलं, त्यानंतर १९९१ साली कॅनडातल्या काही पुरुषांनी ठरवलं की हा बायकांचा एकट्यांचा प्रश्न नाही आणि आपण हिंसा करणार नाही, खपवून घेणार नाही आणि गप्प बसणार नाही अशी शपथ घेतली. ती सुरुवात मोलाची होती. पण ती स्वतःहून पुढे आलेल्या पुरुषांनी स्वतःहून घेतलेली शपथ होती, शिफ्ट थांबवून सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि माइकवरून म्हणवून घेतली तर तिचा उपयोग फोटोपलीकडे जात नाही. दुसऱ्या एकाचं ॲप होतं, रोज एक सुविचार आणि सलग किती दिवस ॲप उघडलं त्याची मोजणी वगैरे. त्यावर वेळ घालवला नाही.

तिसरं कोटेशन राग आवरायच्या कोर्सचं होतं आणि मॅनेजमेंटला तेच आवडलेलं, कारण राग हा शब्द सोपा आहे, कुणाला लागत नाही. मी त्याला विरोध केला आणि हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो म्हणून थोडं लांबवतो. घरी मारणाऱ्या माणसाला रागावर ताबाच नसता तर तो साहेबावर पण धावून गेला असता, ट्रॅफिक पोलिसावर पण गेला असता. तिथे तो खाली मान घालून हो साहेब म्हणतो, घरापर्यंत येईस्तोवर राग सांभाळून आणतो आणि दार लावल्यावर बाहेर काढतो, तोही कपड्याखाली झाकलं जाईल अशा जागी. याला ताबा सुटणं म्हणत नाहीत, हा पुरेपूर ताबा आहे. दारूचं पण तसंच, दारूने मार वाढतो, जखमा वाढतात, हे खरंच आहे, व्यसनावर वेगळा उपचार हवाच, पण दारू सुटल्यावरही बायकोचा फोन तपासणारे आणि माहेरी जाऊ न देणारे लोक असतात. म्हणून जो कोर्स राग किंवा दारू या दोनच गोष्टींवर उभा असेल तो घेऊ नका, त्यातून पुरुषाला आणखी एक सबब मिळते.

आम्ही जो घेतला त्यात पहिल्याच सेशनला ते चक्र आलं, अमेरिकेतल्या डुलुथ शहरात १९८१ पासून जे काम सुरू झालं त्यातलं सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की ते चक्र कुणा तज्ज्ञाने खोलीत बसून काढलेलं नाही, मार सोसलेल्या बायकांना विचारत विचारत त्यांच्या सांगण्यातून ते तयार झालं. त्यात मारणं कडेला आहे आणि आत बाकीचं, पैसे अडवणं, धाक दाखवणं, माणसं तोडणं, मुलांचा वापर करणं, आणि नंतर असं काही झालंच नाही म्हणणं. बॅचमध्ये सुरुवातीला सगळ्यांचं एकच होतं की आपण काय मारत नाय बुवा, आपला काय संबंध. चक्र बघून झाल्यावर कोण काय बोललं ते लिहिणार नाही, वर्गातलं बाहेर न्यायचं नाही हा नियम आहे आणि तो मी पाळणार. एवढंच सांगतो की त्यानंतर संबंध नाही असं कुणी म्हटलं नाही.

शिकवणारे दोघं असतात, एक दादा आणि एक ताई, आणि हे दोघं असणं हीच शिकवण आहे असं मला वाटलं. दादा बोलताना ताईंना मध्येच तोडत नाहीत, ताईंनी दुरुस्ती केली की बरोबर म्हणून पुढे जातात, आणि बॅचमधल्या कुणी ताईंच्या प्रश्नाचं उत्तर दादांकडे बघून दिलं की दादा शांतपणे सांगतात, प्रश्न ताईंचा आहे. हे दर वेळी व्हायचं, आणि हळूहळू कमी व्हायला लागलं. भाषण असं नसतंच. चोवीस तासांचा तक्ता भरा, तुमचा एक आणि घरच्या बाईचा एक, तिचा भरताना निम्म्या लोकांना ती दुपारी काय करते हेच माहीत नव्हतं. घरातल्या पैशाचा कागद भरा, एटीएमचा पिन कुणाकडे, तिने पन्नास रुपये खर्च केले तर सांगावं लागतं का, तुम्हाला सांगावं लागतं का. मग पुढच्या सेशनपर्यंत एक काम घरी करून यायचं, तेही बायकोला सांगून शाबासकी न घेता. सोपं वाटतं, करून बघा.

सगळ्यात जास्त कामाचं मला वाटलं ते मध्ये पडण्याची प्रॅक्टिस. शेजारच्या घरातून आवाज येतोय, काय कराल, याचं उत्तर तोंडी सगळे देतात, जाऊन सांगणार, पोलिसांना बोलावणार. ताईंनी प्रत्येकाला उभं करून ते खरंच करायला लावलं, दार वाजवा, काय वाक्य बोलाल ते आत्ता बोला. तेव्हा कळलं की तोंडातून शब्दच फुटत नाही. मग ते शिकवतात की दार वाजवून भांडणाचं नाव न घेता काहीतरी साधं मागायचं, वेळ विचारायची, गाडी काढा म्हणायचं, तेवढ्याने त्या वेळचा मार थांबू शकतो, आणि त्या पुरुषाशी वाद त्याच क्षणी घालायचा नाही कारण तुम्ही गेल्यावर राग तिच्यावर निघतो. तिला नंतर एकटी असताना विचारायचं की तुला काय मदत हवीय, आणि ती नको म्हणाली तर जबरदस्ती करायची नाही. मित्राने व्हॉट्सॲपवर बायकोला झोडपण्याचा जोक टाकला तर काय, याचीही प्रॅक्टिस झाली, आणि विश्वास ठेवा, ते दार वाजवण्यापेक्षा अवघड जातं, कारण शेजारी परका असतो आणि ग्रुपवर आपलीच माणसं असतात.

आता लांबीबद्दल, कारण सौदा तिथेच अडतो. यांचा पूर्ण कोर्स बऱ्याच आठवड्यांचा आहे, आठवड्याला एक सेशन. विक्रीला जो माणूस आला होता त्याने आमचा चेहरा बघून लगेच अर्ध्या दिवसाची छोटी आवृत्ती पुढे केली, फी कमी, रिपोर्ट मिळेल, फोटो मिळतील. हे मला अजिबात आवडलं नाही. संस्था स्वतःच जर म्हणते की वागणं बदलायला वेळ लागतो, तर अर्ध्या दिवसाचं विकतेच कशाला. रवांडात बांडेबेरेहो नावाचा कार्यक्रम झाला, लहान मुलं असलेल्या किंवा मूल होणार असलेल्या जोडप्यांसाठी, त्यात पुरुषांना १५ सेशन होती आणि त्यातल्या ८ ला जोडीदारही असायची. सुमारे १,२०० जोडपी घेऊन चाचणी झाली, २०१८ साली निष्कर्ष छापून आले, आणि पावणेदोन वर्षांनी बायकांना वेगळं विचारलं तेव्हा कोर्स झालेल्या घरांत मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती दोन्ही बरीच कमी निघाली. हे १५ सेशनचं फळ आहे, ते अर्ध्या दिवसात कसं मिळेल. आम्ही पूर्ण कोर्स घेतला, पण कामाच्या वेळेतून, शिफ्ट संपल्यावर थांबवून नाही. याचा आग्रह धरा. आधीच दमलेल्या माणसाला अजून थांबवलं तर तो बसतो पण ऐकत नाही, आणि घरी उशिरा जातो तो भार परत तिच्यावरच.

छोटं काही करायचंच असेल तर अर्ध्या दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा दुसरा मार्ग आहे आणि तो मी त्यांना सुचवलाही. अमेरिकेत शाळांच्या खेळाच्या कोचना घेऊन एक कार्यक्रम चालतो, कोच सरावाच्या आधी आठवड्याला एकदा दहा-पंधरा मिनिटं मुलांशी बोलतो, मुलींबद्दल कसं बोलायचं, जोडीदारावर हक्क गाजवणं म्हणजे काय, वगैरे. मुंबईतही क्रिकेटच्या कोचना घेऊन परिवर्तन या नावाने तो झाला. अमेरिकेत वर्षभराने मोजलं तेव्हा अशा मुलांकडून जोडीदाराला होणारा त्रास तुलनेने कमी दिसला. म्हणजे थोडं थोडं, नियमित आणि ज्याला मुलं मानतात त्याच्याच तोंडून. आमच्याकडे शिफ्टच्या सुरुवातीला सेफ्टीची दहा मिनिटं असतातच, लाइनचा सुपरवायझर घेतो. पूर्ण कोर्स झालेल्या सुपरवायझरांनी महिन्यातून एकदा त्या दहा मिनिटांत हा विषय घेतला तर खर्च काहीच नाही. संस्थेने मान्य केलं पण त्यांच्याकडे त्यासाठी तयार साहित्य नव्हतं. व्हायला हवं, कारण कारखान्यांना विकायचं तर याच्याइतकं बसणारं दुसरं काही नाही. साहित्याबद्दलच बोलायचं तर व्हिडिओंमध्ये सगळी ऑफिसातली जोडपी, ऐसपैस घरं, एका खोलीत सहा माणसं राहतात तिथे भांडण कसं होतं ते एकाही व्हिडिओत नाही.

आता त्या बाईची बाजू, जी मी कसोटी म्हणून वर लिहिली. इथे ही संस्था बाकीच्यांपेक्षा खूप पुढे आहे. कोर्स सुरू व्हायच्या आधी प्रत्येक पुरुषाशी एकट्याने बोलतात, आणि ज्याच्या घरी गंभीर मारहाण चालू आहे असं वाटतं त्याला या बॅचमध्ये घेत नाहीत, त्याच्यासाठी वेगळा, जास्त लांबीचा आणि जास्त देखरेखीचा कार्यक्रम असतो. नवरा-बायकोला समोरासमोर बसवून समेट घडवायच्या भानगडीत पडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे, कारण मार चालू असताना ती नवऱ्यासमोर खरं बोलली तर त्याचा हिशोब घरी गेल्यावर होतो. आणि मुख्य म्हणजे ज्या बायकांना चालेल त्यांच्याशी एका स्वतंत्र महिला संस्थेच्या कार्यकर्त्या संपर्कात राहतात. त्या महिला संस्थेला फीमधून ठरलेला वाटा मिळतो, वर्गात काय चाललंय हे त्या बाईला कळतं, पण ती जे सांगते ते तिच्या परवानगीशिवाय दादा-ताईंपर्यंतसुद्धा जात नाही. कंपनीकडे तर अजिबातच नाही.

हे का लागतं ते ब्रिटनमधल्या मिराबल प्रकल्पाने नीट दाखवलंय, २०१५ साली त्याचा अहवाल आला. हिंसा करणाऱ्या पुरुषांच्या कार्यक्रमांचं यश कशात मोजायचं हे त्यांनी बायकांनाही विचारलं, आणि फक्त मार थांबला का एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत, मला मोकळेपणाने बोलता येतं का, स्वतःचे निर्णय घेता येतात का, मुलं सुरक्षित आहेत का हे पण त्यात आलं. आणि निकाल असा की मारहाण आणि लैंगिक जबरदस्ती खूपच कमी झाली पण बारीकसारीक गोष्टींतला जाच, पाळत, पैशावरचा ताबा, हे त्या मानाने कमी बदललं. ही गोष्ट पुरुषाने भरलेल्या फॉर्मवरून कधीच कळली नसती.

आणि इथेच माझा एक गुण गेला. आम्हाला जो रिपोर्ट मिळाला तो सगळा पुरुषांच्या फॉर्मवरचा. आधी आणि नंतर २४ वाक्यांची प्रश्नावली भरून घेतात, घर टिकवायला बायकोने मार सहन करावा का अशा धर्तीची वाक्यं, सहमत, थोडा सहमत, असहमत. जगभर वापरतात ती, वाईट नाही. पण कोर्स संपल्यावर कुठलं उत्तर बरोबर समजलं जातं हे प्रत्येकाला माहीत झालेलं असतं, त्यामुळे आकडे वर जाणारच. रिपोर्टमध्ये रंगीत चार्ट करून ते दिलेत आणि मॅनेजमेंट खूश. महिला संस्थेकडे जे कळलंय त्याचा नाव-गाव न देता, अगदी एकत्रित असा एक परिच्छेदसुद्धा त्यात नाही. विचारलं तर म्हणाले गिऱ्हाईक कंपन्या ते मागत नाहीत. मागत नाहीत म्हणून द्यायचं नाही हे मला पटत नाही. युगांडात कंपालामध्ये बायकांवरची हिंसा रोखायच्या सासा नावाच्या कार्यक्रमाची चाचणी झाली ८ वस्त्यांमध्ये, २०१४ साली आकडे आले, कार्यक्रम झालेल्या वस्त्यांमध्ये बायकांनी सांगितलेली मारहाण बाकीच्या वस्त्यांपेक्षा ५२ टक्क्यांनी कमी, आणि तिथेही संशोधकांनी स्वतःच दाखवलं की वस्त्या आठच असल्यामुळे हा आकडा बराच इकडे तिकडे होऊ शकतो. एवढ्या मोठ्या कामाला असं जपून बोलता येतं तर एका बॅचच्या फॉर्मवरून वागणुकीत अमुक टक्के सुधारणा असं ठळक अक्षरात छापू नये.

आमच्या मॅनेजमेंटमधल्या एकाने तर निकालावर पैसे द्यायची कल्पना काढली, हिंसा कमी झाली तर उरलेली फी. ऐकायला कडक वाटतं पण यात फार धोका आहे. हिंसा कमी दाखवण्यात पैसा अडकला की तक्रार कमी येण्यात सगळ्यांचाच फायदा होतो, आणि चांगल्या कोर्सनंतर सुरुवातीला तक्रारी वाढूही शकतात, कारण ज्या आधी बोलत नव्हत्या त्या बोलायला लागतात. संस्थेने याला स्पष्ट नकार दिला, फी गेली तरी चालेल म्हणाले. हे मला मनापासून आवडलं, ज्याला आपलं काम कळतं तोच असं म्हणू शकतो.

सर्टिफिकेटबद्दल मात्र माझं त्यांच्याशी जमलं नाही. कोर्स पूर्ण केलेल्या प्रत्येकाला छापील सर्टिफिकेट देतात. हजेरी लावली म्हणजे माणूस बदलला असं नाही, आणि उद्या घटस्फोटाच्या किंवा मुलांच्या ताब्याच्या केसमध्ये तोच कागद वकील पुढे करेल की बघा, आमचा माणूस हिंसाविरोधी कोर्स केलेला आहे. ज्या बाईसाठी हे सगळं चाललंय तिच्याच विरुद्ध तो कागद वापरला जाईल. कंपनीच्या पेजवर बॅचचा फोटो टाकायचाही विचार होता, आमचे हिरो वगैरे लिहून, तो आम्ही समितीने थांबवला. बायका वर्षानुवर्षं हे काम करतात त्यांना कुणी हिरो म्हणत नाही आणि पुरुषाने चार सेशन केली की टाळ्या, हे बरोबर नाही. एचआरने हजेरीच्या नावांची यादी मागितली होती, ती संस्थेने दिली नाही, फक्त आकडा दिला, तिथे ते ठाम राहिले.

अजून एक उणीव म्हणजे कोर्स संपल्यावर काय, याचं उत्तर कोटेशनमध्ये नव्हतं. महिन्यातून एकदा जुन्या बॅचने भेटायचं असं ते सुचवतात पण ताई किंवा दादा येणार असतील तर वेगळे पैसे. हे आधीच फीत धरून सांगायला हवं होतं. सवय मोडल्यावर परत जुन्याच वाटेवर जायला फार वेळ लागत नाही, आणि ज्या घरात सगळं छान चाललंय असं वाटून बाईने मन मोकळं केलं तिथे परत मार सुरू झाला तर तो आधीपेक्षा जास्त लागतो.

कुणी घेऊ नये तेही सांगतो. तुमच्या कंपनीत हिंसा सोसणारी बाई कामाला असेल आणि तिने सांगितलं तर कुणाकडे जायचं, रजा मिळेल का, शिफ्ट बदलून मिळेल का, नवरा गेटवर येऊन उभा राहिला तर सिक्युरिटी काय करणार, पगार त्याच्या ताब्यातल्या खात्यात जात असेल तर खातं बदलून मिळेल का, याची उत्तरं ठरलेली नसतील तर आधी ती ठरवा, पुरुषांचा कोर्स त्यानंतर. नाहीतर कोर्समुळे बोलायला लागलेली पहिलीच बाई एचआरच्या दारात उभी राहील आणि आत कुणालाच काही माहीत नसेल. आमच्याकडे हे आधी केलं, त्याला कोर्सपेक्षा जास्त वेळ लागला, पण संस्थेनेही ती अट घातलीच होती, ते झाल्याशिवाय आम्ही बॅच सुरू करत नाही म्हणाले. अशी अट घालणारी संस्था दिसली तर अर्धं काम तिथेच झालं समजा.

दुसऱ्या बॅचचा करार आता चालू आहे. सर्टिफिकेट बंद करायला ते तयार झालेत, त्याऐवजी फक्त हजेरीची पावती, तीही कामगाराने मागितली तरच. पुढच्या वर्षभराच्या मासिक भेटी फीत धरल्यात. महिला संस्थेचा वेगळा एकत्रित अहवाल थेट समितीकडे यावा, मार्केटिंगच्या हातातून न जाता, यावर अजून बोलणी अडली आहेत, त्यांचं म्हणणं बॅच लहान असेल तर कोण काय बोललं ते ओळखू येईल, आणि ते खरंही आहे. मग चार-पाच कंपन्यांच्या बॅच मिळून एक अहवाल करा असं आम्ही कळवलंय. ते मान्य झालं की सही, तोपर्यंत नाही, असं समितीत ठरलंय.